तिसरा अंक हातचा

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. अटच होती त्यांची. "माहं नाव कुठी छापाचं असन तं कच्चं पान आधी मले दाखवा." आता छापण्याआधीचं ते कच्चं पान दाखवायला मास्तर राहिले नाहीत, आणि न दाखवता छापलं तर वर गेल्यावर माझी धडगत नाही. तेव्हा नुसतं मास्तर. वडशात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. शाळेत त्यांनी कुणाला शिकवलेलं नव्हतं, नाटकांच्या तालमी घ्यायचे म्हणून मास्तर. शिक्षण किती, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मॅट्रिकपर्यंत गेलो होतो बापा, पण तिथी कोणी बस म्हनलं नाई, म्हणून वापस आलो."

आमचं वडसा वैनगंगेकाठचं गाव. धान कापून घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडईला नाटक पाहिजेच, तेही रातभर चालणारं, तीन अंकी, गाण्यांसकट. ही नाटकं पुरवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं वडशात. हंगाम आला की गल्लीत ओळीनं पाट्या लटकतात, खेड्यांतली मंडळं येतात, नाटक पसंत करतात आणि सुपारी देऊन जातात. सुपारी म्हणजे विसार. मास्तर या कंपन्यांना नाटकं लिहून देत. जन्मभर तेच केलं, पण नोकरी म्हणून कुठल्याच कंपनीची धरली नाही.

आणि ते आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे.

आता माझं सांगते. मी मराठीत एम. ए. केलं आणि घरी बसून ऑनलाइन लिहायचं ठरवलं. गाद्यांच्या जाहिराती, केसांच्या तेलाची माहिती, कुणाच्या तरी ॲपवरचा इंग्रजी मजकूर मराठीत. बाबा फॉरेस्टच्या लाकूड डेपोत कामाला. त्यांच्या मते लिहिणं म्हणजे तलाठी सातबारावर लिहितो ते, बाकी सगळा टाइमपास. त्यांनी मला मुदत दिली. "दिवाळीपर्यंत पाह्य. नाई जमलं तं नागपूरले आत्याकडे जाऊन राहाचं, तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास लावाचा. मंग रडाचं नाई." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला लिहायचंच होतं, आणि ते वडशात राहूनच. आत्याच्या त्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं नव्हतं.

मास्तरांना माझ्या कामाचं नाव सांगितलं तेव्हा ते अंगणात बसून पायाला खोबरेल चोळत होते.

"फ्रीलान्स म्हणतात याला, मास्तर."

"फ्री म्हंजे फुकट ना वं?"

"फुकट नाही, मोकळं. कुणाचं बांधील नाही असं."

"मंग मोकळं म्हण. त्यातला फ्री आधी काढून टाक. लोकं अर्धाच शब्द ऐकतेत." आणि तेलाची बाटली बंद करत म्हणाले, "म्हंजे मी जे करतो तेच तू करून राह्यली. माही गल्ली वडशात, तुही गल्ली त्या डब्ब्यात."

तो डब्बा म्हणजे माझा लॅपटॉप.

मास्तर लिहायचे ते चटईवर पालथे पडून, जुन्या नाटकांच्या पोस्टरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. कोरा कागद त्यांना चालत नसे. म्हणायचे, "मागून एखादं नाटक गेलेलं असलं का हाताले धीर येते." आणि लिहिताना सगळी पात्रं मोठ्यानं बोलायचे. सून बारीक आवाजात, सासू खर्जात, व्हिलन खोकत. एकदा शेजारच्या खातूनबी, ज्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, हातात लाटणं घेऊन धावत आल्या. "कौन मार रहा है बच्ची को? खोलो दरवाजा!" दार उघडलं तर आत मास्तर एकटे, डोळ्यांत पाणी, कारण सूनबाईला नुकतंच घराबाहेर काढलं होतं. खातूनबींनी लाटणं खाली केलं आणि विचारलं, "फिर क्या हुआ?" मास्तर म्हणाले, "ते तिसऱ्या अंकात."

हा तिसरा अंक म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य. झालं असं होतं, की तरुणपणी पहिलं नाटक त्यांनी एका कंपनीला आनंदाच्या भरात सगळंच्या सगळं देऊन टाकलं. मंडईत प्रयोग लागला. मास्तर पुढच्या रांगेत बसले, नवीन सदरा घालून. पडदा उघडण्याआधी माईकवरून लेखकाचं नाव पुकारतात. पुकारलं, आणि ते कंपनीच्या मालकाच्या साळ्याचं होतं. मास्तर नाटक शेवटपर्यंत पाहून आले. चांगलं झालं म्हणे. तेव्हापासून नेम असा, की पहिला आणि दुसरा अंक तालमीसाठी द्यायचा आणि तिसरा बंडीच्या आत पोटाशी खोचून ठेवायचा. पोस्टरचं कच्चं पान आलं, त्यावर आपलं नाव नीट वाचलं, की मग तो बाहेर काढायचा. आधी नाही म्हणजे नाही.

एका वर्षी पोस्टरवर त्यांच्या आडनावातला एक काना राहून गेला. तालीम खोळंबलेली, हिरोईन नागपूरहून आलेली. मालक अख्खी कंपनी घेऊन आमच्या अंगणात हजर. मास्तरांनी पान वाचलं, तिसरा अंक घेऊन थेट संडासात गेले आणि आतून कडी लावली. आईनं सगळ्यांना चहा केला. पेटीवाला, व्हिलन, हिरोईन, सगळे आमच्या तुळशीभोवती बशा घेऊन बसलेले. मालक दाराशी उभा राहून विनवण्या करतोय.

"मास्तर, एका कान्यासाठी काऊन अडून बसले?"

आतून आवाज आला, "तुह्या बापाच्या नावातला काढ न एखादा काना! पाहू दे मले!"

शेवटी प्रेसमधून नवीन पान आणलं आणि दाराखालच्या फटीतून सरकवलं. आतून एकेक अक्षर लावून वाचल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. बाबा म्हणाले, "हा माणूस येडा हाये." पण त्या दिवसापासून बाबा त्यांच्याशी जरा जपून बोलायला लागले.

मास्तरांनी मला तीन प्रश्न दिले होते. कुणीही काम घेऊन आलं की विचारायचे. कोण बोलून राह्यले? नाव कुठी येईन? तारीख कोनती? "जो आपलं नाव-गाव सांगत नाई, त्याच्याशी बोलाचंच नाई. त्याची पाटी कुठी हाये ते जाऊन पाह्य, पाटीखालच्या दुकानदाराले बी विचार. नाव कुठी येईन म्हंजे, लेखनावर तुहं नाव असनार का नाई, नसन तं तसं आधीच सांगाचं, अन् त्याचे जास्त घ्याचे. अन् तारीख तं पायजेच. बिनतारखेचं नाटक होत नाई." फुकट नमुना मागणाऱ्यांसाठीही नियम होता. "नांदी ऐकव, नाटक नोको ऐकवू." आणि सगळ्यांत शेवटी, बोट वर करून, "तिसरा अंक हातचा ठेवजो."

मी हे सगळं इमानानं पाळायचे. इतक्या इमानानं की एकदा घोळच झाला. मुंबईच्या एका बाईंनी फोन केला, त्यांना दर आठवड्याला पाककृती लिहून हव्या होत्या. मी तिन्ही प्रश्न विचारले, त्यांनी नीट उत्तरं दिली. मग मी आमच्या गल्लीतल्या थाटात म्हणाले, "ठीक आहे. आधी सुपारी पाठवा, मग मी काम करून टाकते." मग अगदी हळू त्या म्हणाल्या, "अहो, आमची मसाल्यांची कंपनी आहे." मला कळेना यात घाबरण्यासारखं काय आहे. मास्तरांना सांगितलं तर त्यांनाही कळेना. शेवटी आईनं सांगितलं, की मुंबईकडे सुपारी माणूस मारायला देतात. मास्तर हसता हसता चटईवर आडवे झाले. मी परत फोन करून त्या बाईंना आमचं वडसा समजावलं. त्यांनी त्याच दिवशी अर्धे पैसे पाठवले, आणि आजही मी त्यांच्यासाठी लिहिते. अजूनही फोनवर विचारतात, "काय गं, या महिन्याची सुपारी मिळाली का?"

पण असली कामं लहान. बाबांसमोर ठेवावं असं काही हाती लागत नव्हतं. अशात उन्हाळ्यात एका ग्रुपवर एक मोठं काम आलं. ढीगभर लेख, मुदत थोडी, पैसे भरपूर, सगळे शेवटी. त्यांनी आधारचा फोटो मागितला, मी दिला. करारावर सही मागितली, मी स्क्रीनवर बोटानं केली. मास्तरांना विचारलंच नाही, कारण ते काय म्हणतील हे मला माहीत होतं. रात्रंदिवस राबून लेख लिहिले आणि सगळेच्या सगळे पाठवून दिले. तिन्ही अंक एकदम. दोन दिवसांनी निरोप आला, की तुमच्या लेखांत चुका आहेत, तुम्ही करार मोडला आहे, आमचे वकील बोलतील.

वकिलाचा फोन आला तो भर दुपारी. मी अंगणात फोन कानाला लावून उभी. तो हिंदीत गरजत होता. आपने एग्रीमेंट तोडा है, केस दर्ज हो चुका है, पुलिस रास्ते में है, शाम तक पैसा भरकर सेटलमेंट करो वरना पूरे खानदान की इज्जत जाएगी. माझ्या मनात एकच, आता बाबा घरी येतील. पोलीस येतील तेव्हा येतील, बाबा आधी येतील. संपलं सगळं. मी रडायलाच लागले.

मास्तर खोलीतून बाहेर आले. माझा चेहरा बघितला आणि खुणेनंच म्हणाले, आवाज मोठा कर. मी स्पीकर लावला. ते मान तिरपी करून ऐकत राहिले, तालमीत ऐकायचे तसे. मागे पोलिसांच्या वायरलेसची खरखर चालू होती. आणि बघते तो मास्तरांचा चेहरा फुलत चाललेला.

"अवो!" ते म्हणाले. "हा तं माह्या दुसऱ्या अंकातला वकील हाये!"

"कौन बोल रहा है बीच में?" फोनमधून डरकाळी आली.

मास्तरांनी फोन हातात घेतला. "वकीलसाहेब, ते 'खानदान की इज्जत' पुन्हा एकदा म्हणा. तिथी आवाज चढवू नोका, उलट खाली आना. खाली आनला का पब्लिक जास्त घाबरते."

"क्या बकवास है? पुलिस अभी…"

"अन् पोलीस इतक्या लवकर नाई आनाचा. पोलीस आला का सीन खतम होते, मंग तुमी काय बोलनार? दुसरं एक सांगतो, मागे वायरलेस लावला तो फिरून फिरून तोच येऊन राह्यला. तीनदा ऐकला मी. टेप बदला." मग त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "आता सांगा. नाव काय तुमचं? पाटी कुठी हाये? कोनत्या कोर्टात केस लागली अन् तारीख कोनती?"

फोन बंद झाला. परत आलाच नाही.

मी विचारलं, "मास्तर, तुम्हाला इतकी खात्री कशी?" ते म्हणाले, "मी एकदाच खऱ्या कोर्टात गेलो होतो, भावाच्या वावरासाठी. निराश होऊन आलो वं. तिथी कोनी ओरडतच नाई! वकील दोन शब्द बोलते, तारीख घेते अन् चहा प्याले जाते. इतकं झकास बोलनारा वकील फक्त नकली असते. जन्मभर तेच तं लिहिलं मी."

मला वाटलं संपलं. पण ते म्हणाले, "चाल, आता खऱ्या पोलिसाकडे. माह्या नाटकातल्या पोलिसांवर हे भागनार नाई." आणि सदरा घालून मला ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या शिपाईदादांनी तक्रार लिहून घेतली, एक पैसा भरू नका म्हणाले, तो नंबर उचलू नका म्हणाले, आधार लॉक कसं करायचं तेही दाखवलं. सगळं अगदी हळू, जांभया देत. बाहेर आल्यावर मास्तर नाराज. "चांगला माणूस हाये, पण स्टेजवर चालनार नाई."

खरा प्रयोग संध्याकाळी होता. बाबांना मास्तरांनीच सांगितलं. बाबा ऐकून घेत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोन बंद कर अन् बॅग भर. दिवाळीगिवाळी काही नाई आता."

मास्तर मात्र पायरीवर बसून राहिले. "भाऊ, डेपोत नवीन लागले होते तवा सागवानाच्या मापात चुकले होते न तुमी? तुमीच सांगितलं होतं मले. मंग नोकरी सोडली होती का?"

"ते येगळं."

"काऊन येगळं? पोरगी पयल्या अंकात अडखळली, भाऊ. पयल्या अंकात पडदा पाडला तं लोकं पैसे वापस मांगतेत."

बाबा उठून आत गेले. आतूनच म्हणाले, "दिवाळी म्हनलं तं दिवाळी. एक दिवस जास्त नाई." मास्तरांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाया पडलेलं त्यांना खपत नसे. "पाया खलनायक पडते," म्हणायचे.

पावसाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पालथं पडूनही अक्षर दिसेना. मग येत्या हंगामाचं नाटक ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले, पोस्टरांच्या मागच्याच बाजूवर, कारण साधा कागद आणला तर ते बोलेचनात. एक आंधळा गाणारा बाप आणि त्याच्यासोबत गाणारी त्याची मुलगी, अशी गोष्ट. त्यात त्यांनी त्या फोनवाल्या वकिलाची वाक्यं जशीच्या तशी घातली. "फुकट नमुना देऊन गेला बिचारा." दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगी भर कोर्टात उभी आहे, वकील तिच्या तोंडासमोर कागद नाचवतोय, "सांग, हा अंगठा कुणाचा?", आणि पडदा.

"मग ती काय सांगते, मास्तर?"

"हातचा हाये," ते म्हणाले आणि पोटावर थोपटलं.

मी रोज विचारायचे, रोज तेच उत्तर. कधी उलट मलाच विचारत, "तुले काय वाटते, काय सांगन ते?" मी काहीबाही सांगायचे. ते ऐकायचे, हूं म्हणायचे. "बापाले वाचवाले खोटं बोलली तं?" "मग ती नंतर गाणार कशी, मास्तर?" यावर एकदा त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं होतं.

पोळा झाला आणि राजुऱ्याला दिलेली त्यांची मुलगी येऊन त्यांना ऑपरेशनसाठी तिकडे घेऊन गेली. जाताना दोन्ही अंक कंपनीच्या मालकाला दिले. मला म्हणाले, "खोलीले कुलूप नोको लावू, हवा जाऊ दे." डोळ्याचं ऑपरेशन झालंच नाही. त्याआधीच त्यांचं हृदय थांबलं. आम्ही तिघं राजुऱ्याला गेलो. मी आजवर कुणासाठी रडले नव्हते तेवढी रडले. बाबा परतताना गाडीत एकदाच बोलले, "अंगन सुनं झालं." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

दिवाळी तोंडावर आली. मसाल्यांच्या बाई होत्या, आणखी दोनतीन नीट कामं होती, पण बाबांच्या हिशेबात ते जमणं नव्हतं. एका सकाळी त्यांनी तलाठ्याच्या जागांची जाहिरात माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. "सांग मंग." तेवढ्यात फोन वाजला. नाटक कंपनीचे मालक. मी सवयीनं स्पीकर लावला.

"बाई, तालीम सुरू हाये. तिसरा अंक पायजे होता."

"माझ्याकडे कुठला? मास्तरांच्या खोलीत चटई आणि जुनी पोस्टरं आहेत नुसती. मीच आवरली आहे खोली."

"असं कसं? मी राजुऱ्याले भेटाले गेलो होतो न. मीच विचारलं का मास्तर, तिसरा अंक? तं पोटावर हात ठेवून म्हनाले, या खेपी माह्यापाशी नाई, तिच्यापाशी हाये. तिलेच मांगजो."

पोटाशी काहीच नव्हतं त्यांच्या. लिहिलाच नव्हता. उलट मलाच विचारत होते, काय सांगन ते, आणि मी सांगत होते, आणि ते हूं म्हणत होते.

बाबा माझ्याकडे बघत होते. फोनमधून मालक हॅलो हॅलो करत होते. मी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"मालक, लेखक म्हणून नाव कोणाचं येईल?"

"मास्तरचंच की, बाई."

"मास्तरांचं वर. खाली माझं. दोघांचे काने-मात्रे नीट. आणि पोस्टरचं कच्चं पान आधी मला दाखवायचं. पहिल्या प्रयोगाची तारीख कोणती?"

त्यांनी तारीख सांगितली. दिवाळीनंतर आठच दिवसांनी. बाबांनी ती ऐकली, टेबलावरची जाहिरात उचलली, घडी केली आणि खिशात घातली.

"ते सगळं होईन बाई," मालक काकुळतीला आले होते. "पन तिसरा अंक हाये न नक्की?"

एक ओळही लिहिलेली नव्हती. मी पोटावर हात ठेवला.

"हाये न," मी म्हणाले. "हातचा हाये."